दीडशे वॅट-तास

चौतीस वर्षं ह्यांनी एकलहऱ्याला
दोनशेदहा मेगावॅटचा संच सांभाळला.
कोळसा ओला आला की घरी जेवण जायचं नाही.
आता धोडपच्या माचीवर, तंबूत,
गुडघ्यावर वही ठेवून
स्वतःच्या श्वासाचा भार मोजतायत:
यंत्राला एका रात्रीचे सत्तर,
दोन रात्रींचे एकशेचाळीस,
बॅटरीत दीडशे.
"दहा उरतात," म्हणाले,
पगारातून दहा रुपये शिल्लक दाखवावेत तसे.

बॅटरी वर आणली हट्टीच्या सोमा गांगुर्डेने.
वाटेत दोनदा कानाशी धरून हलवली,
आत काहीच वाजत नाही म्हणून हिरमुसला.
मास्क, नळी, पट्टे बघून हसला मात्र नाही.
एवढंच विचारलं,
"काका पाण्यात उतरणार हायेत का?"

उतरायचेच.
यंत्र नव्हतं तेव्हा रोज उतरायचे,
आणि मी काठावर बसून मोजायची.
बारा, तेरा, सतरा,
मग म्हैस डोहातून वर यावी तसा एक आवाज,
की मी कूस बदलायची.
कूस बदलायची, झोपायची नाही.

वहीत एक ओळ दोनदा अधोरेखित:
*पाणी गरम करायचं बंद. तेच जास्त खातं.*
पण निफाडला पारा पाचावर आलेला,
इथे तर वारा सुईसारखा,
आणि कोरड्या हवेने सकाळी ह्यांच्या थुंकीत
रक्ताची रेघ येते, ती वहीत कुठे आहे?
हे दात घासायला गेले तेव्हा
माझ्या बाटलीतलं पाणी डबीत ओतलं,
बटण फिरवलं. चारवर.

पावणेदोनला बारीक टिकटिक झाली
आणि सगळं थांबलं.
असं शांत फक्त संच ट्रिप झाल्यावर व्हायचं,
अख्खी कॉलनी एकदम जागी व्हायची
आवाज गेला म्हणून.
मास्क सोडवला. ह्यांना कुशीवर ढकललं,
पाठीशी सॅक लावली, गाठोडं टेकवावं तशी.
झोपेतच म्हणाले, "ट्रिप झालं?"
"नाही. झोपा."

खाली वडाळीभोईकडे हायवेवरचे दिवे सरकत होते,
एवढी वीज, आणि इथे वर हातभर नाही.
अकरा.
नऊ.
चौदा.
एकोणिसाला कोपराने ढोसलं.
पहाटेपर्यंत एक माणूस मी हाताने चालवला.

सकाळी पॅनेल उघडून ठेवलं दगडावर,
हे वही घेऊन बसले.
हिशोब लागेना.
थंडीला दोष दिला, वायरीला दिला,
कॅनडा कॉर्नरच्या दुकानदाराला तर
त्याच्या आजोबापर्यंत नेलं.
मग यंत्र उचललं, आणि डबीत पाणी डचमळलं.

मी चहा ढवळत राहिले.
साखर केव्हाच विरघळली होती.

त्यांनी सत्तर खोडलं, शेजारी काहीतरी लिहिलं,
वही मिटली.
"घसा मात्र आज बरा आहे."

मग उठून पॅनेल बोटभर सरकवलं.
बसले. पुन्हा उठले,
पुन्हा बोटभर.