शिकाऊ, दुसऱ्यांदा

पहिल्यांदा शिकाऊ होतो तो औंधच्या आयटीआयमधून,
चाकणला, फिटर.
हातात मायक्रोमीटर. दोन शतांश मिलिमीटर चुकलं
की पीस लाल डब्यात.

आता जनता वसाहतीत, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत
एकतीस पोरं, दोन सतरंज्या,
आणि मापायला काही नाही.

अण्णा म्हणाले, शिकाऊ म्हणूनच मरणार का रे?
आणि तेही बालवाडीत?
मी बुटाची नाडी बांधत राहिलो.
(नाडी कशी बांधायची हे शब्दांत सांगता येत नाही.
गेल्या मंगळवारी सात जणांना सांगून पाहिलं.)

ओव्हाळबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
आधी गुडघे मोड.
उभ्यानं बोललास तर पोरांना तुझा पट्टाच दिसतो,
आणि पट्ट्याशी कोण बोलतं?
तेव्हापासून माझ्या दोन्ही पँटी
गुडघ्यांवर पांढऱ्या झाल्यात.
विद्यावेतन दोन महिन्यांचं थकलंय, तिसरी पँट तेव्हा.

इथं जो शिकवतो त्याला ताई म्हणतात.
माझी मिशी, माझा आवाज, काही आड आलं नाही.
ताई, हिनं चावलं. ताई, माझा डबा उघडत नाही.
आठवडाभर मी दुरुस्त करत होतो: दादा म्हणा, दादा.
मग अबोलीनं विचारलं,
दादाला चड्डीची गाठ सोडता येते का?
येते, म्हणालो.
मग तू ताईच,
असं ठरवून ती घाईनं मोरीकडे निघाली.

निरीक्षण वही. रोज एक मूल, एक पान.
दिसलं ते लिही, वाटलं ते नको.
मी लिहिलं, रेवण हट्टी आहे.
बाईंनी शिसपेन्सिलीनं हलकेच खोडलं.
हट्ट कुठं दिसला तुला? केवढा होता?

मी पुन्हा लिहिलं:
रेवण दाराशी बसला. चिंचोक्यांना हात लावला नाही.
पोह्यांतले शेंगदाणे वेचून खिशात ठेवले.
हाक मारली, वळला नाही.
दोनदा म्हणाला, नीरू.

नीरू कोण, मी वर्गभर विचारत फिरलो.
बहीण असेल. मांजर असेल.
बाईंनी पान वाचलं
आणि काही न बोलता माठाकडे गेल्या.
रेवण तीन पेले प्यायला,
शर्टावर सांडत, मध्ये श्वाससुद्धा न घेता.

बाईंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं.
पाणी मागत होतं लेकरू, म्हणाल्या.
बरं, ऐकलं तसं लिहिलंस.
काहीतरी पुटपुटला, असं लिहिलं असतंस तर?

अकरा दिवस झाले होते त्याला येऊन.
त्यातले नऊ तो माझ्या वहीत हट्टी होता.
चाकणला पीस लाल डब्यात जायचा,
इथं त्या नऊ दिवसांना
कुठला डबा?

त्या संध्याकाळी स्वारगेटची बस सोडून दिली,
कालव्याच्या कडेनं चालत आलो.
तळहातावर बॉलपेननं बाईंनी सांगितलेलं:
बा म्हणजे ये. ऊटा म्हणजे जेवण.
साकू म्हणजे पुरे.
घामानं साकू पुसलं गेलं, तेवढं पाठ करत घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी पोहे वाढताना म्हणालो, साकू?
रेवणनं माझ्याकडे पाहिलं,
मग मागच्या भिंतीकडे पाहिलं,
तिथून दुसरं कोणी बोललं की काय.
मग खिशातून एक शेंगदाणा काढून
माझ्या तळहातावर ठेवला.

मी लिहिलं: एक शेंगदाणा दिला. मऊ पडलेला, खिशातली धूळ लागलेला.
मला भरून आलं.
बाईंनी शेवटची ओळ खोडली.
ते तुझं, म्हणाल्या, वहीत नको. जवळ ठेव.

आता तोही मला हाक मारतो, इतरांसारखीच.
फक्त त्याची जरा लांबते, शेवटी वळते.
मी अर्थ विचारला
तर बाई नुसत्या हसतात, आणि खडू शोधू लागतात.

आजच्या पानावर लिहून ठेवलंय:
रेवण, सकाळी साडेदहा, दारातूनच.
तायी.
ऐकलं तसं.