बाकी

पुस्तकातला धडा दूरच्या देशाचा.
बाकांवर पाट्या: फक्त गोऱ्यांसाठी.
आणि त्या पाट्यांशी भांडता भांडता
म्हातारा झालेला एक माणूस.

चौथीची अकरा मुलं. खिडकीतून तेरेखोल दिसते.
"टीचर, गोरे म्हणजे पाकले?"
"तसेच."
"मग ते गेले ना एकसष्टला. उद्या त्याचीच सुट्टी."
साईश बोलला की विषय संपतो.

मी पुस्तक मिटलं.
म्हटलं, आपल्या गावात एक झिलू होता.
त्याचा फोटो नाही. पोर्तुगीज पोलिसांच्या वहीत
चार ओळी आहेत तेवढ्याच:
उंची मध्यम. डाव्या कानाची पाळी फाटलेली.
धंदा, ढोल वाजवणे.
गुन्हा, बाजारात जय हिंद म्हटले. दोनदा.

"दोनदा का?"
"पहिल्यांदा म्हटल्यावर मारलं म्हणून."

तळहातांवर पालमातोर बसला,
भोकं पाडलेली जाड लाकडी पळी.
ढोल वाजवणाऱ्याचे तळहात.
मुलं आपापले हात उलटेसुलटे करून बघू लागली.

मग आग्वादचा किल्ला. तिथं भटाचा मुलगा,
पोदेराचा मुलगा आणि झिलू
एकाच पातेल्यातली पेज जेवत.
"खारट असायची?" लविनानं विचारलं.
"माहीत नाही गं. समुद्र जवळ होता."

एकसष्टला गावात झेंडा चढला.
ढोल झिलूनंच वाजवला, सुजलेल्या बोटांनी.
मग सगळ्यांना चहा. सगळ्यांना कपातून,
त्याला अंगणाबाहेर, करवंटीतून.

"कप संपले होते?"

नाही. कप होते. खुंट्यांना टांगलेले.
इथं मला तांब्यातलं पाणी प्यावं लागलं.

त्यानं करवंटी तशीच जमिनीवर ठेवली.
नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी
वडाखालच्या हॉटेलात गेला,
फळीवर नाणं ठेवलं, म्हणाला, "एक चहा. कपातून."
करवंटी आली. तो उठून गेला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. पावसात, तापात,
बायको वारली त्याच्या दुसऱ्या सकाळीसुद्धा.
सात वर्षं.

"वडाखाली तर आमचंच हॉटेल," साईश म्हणाला.

मी खडू शोधू लागले. हातातच होता.

"कप कोण देत नव्हतं? आमचा पणजो?"
"हो."
"आणि नाणं?"
"नाणं घ्यायचे. पाण्यात धुऊन."
"चहा?"
"तो तिथंच राहायचा. मुंग्यांना."

एकोणसत्तरच्या पहिल्या सकाळी कप आला.
का आला, कुणी नीट सांगत नाही.
कुणी म्हणतं, पणजीनं आणून ठेवला,
कुणी म्हणतं, पणजो थकला.
झिलूनं तो दोन्ही तळहातांत धरला
आणि बसून राहिला. चहा निवून गेला.
"मग?"
"मग प्यायला, आणि दुसरा मागितला."

मुलं हसली. साईश नाही.
तो वहीच्या मागच्या पानावर
जीभ बाहेर काढून गुणाकार करत होता,
हातचे बोटांवर धरून.
"दोन हजार पाचशे पंचावन्न, टीचर.
इतके कप आमच्याकडे बाकी आहेत."

शेवटच्या बाकावर श्रावी बसते,
ढोलवाल्यांच्या वाड्यावरची.
जूनपासून ती वर्गात
हजेरीपुरतंच बोलली होती.
"चुकलं," ती म्हणाली.
"चौसष्ट आणि अडुसष्ट. लीप वर्षं.
दोन धरली नाहीस."

साईशनं पुन्हा बेरीज केली. मान हलवली.
मग खोडायला काही सापडेना,
म्हणून शेवटच्या बाकापर्यंत गेला
आणि तिचा खोडरबर मागितला.

तिनं आधी आकडा नीट तपासला.
मग दिला.