वहिवाट

दौलत हरपळेच्या गॅलरीतला पिवळा टॉवेल
मला माझ्या गॅलरीतून दिसतो.
सरळ रेषेत एकशे दहा मीटर. नजरेनंच मोजलंय,
पण छत्तीस वर्षं भूकरमापक होतो,
चूक निघालीच तर हातभर निघेल.
रस्त्यानं तीन किलोमीटर आठशे.

होळीला त्याच्याकडे कटाची आमटी न्यायची
तर आधी आमच्या गेटवर सही,
मग उंड्री चौक, मग पंपाशी यू-टर्न,
मग त्यांच्या गेटवर ओटीपी.
रिक्षावाला म्हणतो, काका,
एवढ्यात हडपसर आलं असतं.

मंजूर नकाशात आमच्या दोघांच्या मधून
अठरा मीटरचा रस्ता जातो, तुटक रेघेत.
अजून तुटकच आहे.

दोष कुणाला देऊ?
चौऱ्याण्णव साली चार भावांचे पोटहिस्से मीच पाडले.
टेबल मांडलं, साखळी ओढली, हद्दीचे दगड रोवले.
दौलतच्या आईनं गवती चहा घालून चहा दिला होता.
चार सातबारे, चार बिल्डर, चार भिंती
आणि चार रस्ते,
जो तो भिंतीला नाक लावून उभा.
पाणंद मात्र मी कुणाच्या वाट्याला दिली नव्हती.
सामाईक, असं लाल शाईनं लिहिलं होतं.

मागच्या वर्षी भिंतीचे सहा ब्लॉक कुणीतरी काढले.
कमिटीनं बुजवले. पुन्हा निघाले.
आता कडा गुळगुळीत झाल्यात,
येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खांद्यांनी.
एका रात्री टॉर्च आणि टेप घेऊन गेलो.
भगदाड बरोबर पाणंदीच्या मध्यावर.
ज्यानं पाडलं
त्यानं माझा नकाशा पाहिलेला नसणार.

सभेत चेअरमन म्हणाले, कॅमेरा लावू.
बाजूचे हात मोजले, विरोधातले मोजले.
माझा दोन्हींत नव्हता.

आज डबा घेऊन निघालो.
भगदाडात समोरून एक बाई आली,
कडेवर पोर, पोराच्या हातात अर्धी पोळी.
दोघं थांबलो.

पाणंदीत दोन गाड्या समोरासमोर आल्या
की रिकामी गाडी मागं घ्यायची, असा रिवाज होता.
डब्यात आमटी होती, काठोकाठ,
तरी हिशेब कळत होता.

मी मागं सरलो.