तेरावा महिना

चार मे, सावदा, सकाळचे साडेनऊ.
अकरा टन हिरवी केळी पॅकहाउसच्या फाटकाशी अडली.
पडद्यावर लाल पट्टी:
माल एकोणतीस दिवसांचा. परत.

यासीन तडवी ट्रकवर चढला, एक फणी घेऊन आला,
ताजा कापलेला दांडा माझ्या कीबोर्डवर धरला.
एंटरच्या बटणावर चीक ठिबकला.
"तुह्या मशीनले हे वाचता येते का वं बाई?"

नव्हतं येत.
मशीन ०४/०५ वाचत होतं,
आणि ज्याने त्याला वाचायला शिकवलं
त्याच्या मुलखात महिना पुढे चालतो, दिवस मागून.
आमच्याकडे दिवस आधी.
रोजंदारी दिवसाची मिळते म्हणून असेल.

बारा तारखेपर्यंत ते कुरकुरतही नाही,
बिनबोभाट चुकत राहतं.
तेराला मात्र खांदे उडवतं:
तेरावा महिना नसतो, तारीख अवैध.

नसतो कसा?
दुष्काळात तर तो हटकून येतो,
एरवीही दर तीनेक वर्षांनी पंचांगात उगवतो,
जावयाच्या ताटात धोंडे आणि वर तूप पडेपर्यंत थांबतो.
आणि इथून रावेर ओलांडून
ट्रक बुऱ्हाणपूरला पोचला की
आमच्या चैत्र वद्याचा तिकडे वैशाख झालेला असतो.
ड्रायव्हर महिना बदलतो, गिअर न बदलता.

हे मी मशीनला सांगितलं नाही.
आधीच ते घाबरलेलं होतं.

दुरुस्तीला बसले तर एकाखालून एक निघत गेलं.
तोताराम बऱ्हाटेंनी भाव सांगितला पावणेतेराशे,
पावतीवर लिहिला मराठी आकड्यांत.
स्कॅनरला त्यांच्या एकाची शेपटी
इंग्रजी नवासारखी दिसली
आणि क्विंटलमागे आठ हजार रुपये जास्त पडले.
ते सांगायला काका घाईने आले नाहीत
हे इथे नोंदवून ठेवते.

मग स्वल्पविराम.
हजारानंतर मशीनची गाडी थेट दशलक्षाला थांबते,
लाखाचं स्टेशन सावद्यासारखं
धडधडत मागे पडतं.

मग जन्मतारखा.
तीनशे बारा शेतकरी, त्यातले दोनशे चार एक जूनचे,
हेडमास्तरांनी एका दौतीतून जन्माला घातलेले.
मशीनने सगळ्यांना उचलून
सहा जानेवारीच्या थंडीत नेऊन ठेवलं.
मी माफी मागायला गेले.
"राहू दे," काका म्हणाले, "ती बी खोटीच होती.
माय सांगे, तापीचं पाणी
मारुतीच्या पायरीले लागलं तव्हा झाला तू."
मी रकाना उघडून बराच वेळ बसले.
त्यात आठ आकडे मावतात, पायरी मावत नाही.

"हे नीट कधी होईल?"
"परवा."
मागचा की पुढचा, त्यांनी विचारलं नाही.
मशीनने विचारलं असतं.

शेवटची चूक मला उशिरा सापडली.
घड्याळ दूरच्या कुठल्यातरी वेळेवर चालत होतं,
त्याची मध्यरात्र म्हणजे आमचे पहाटेचे साडेपाच.
पाचला कापलेला घड कालचा,
पावणेसहाला कापलेला आजचा.
एकाच बागेतले, एकाच कोयत्याचे.

मी हे वैतागून सांगितलं तर
बऱ्हाटेकाका पहिल्यांदाच माझ्या मशीनवर खूश झाले.
"बरोबर तर हाये त्याचं.
दिवस काय रात्री बारा वाजता सुरू होतो?
तिथी सूर्योदयाची. पाणी सोडायला निघतो
तव्हा दिवस लागतो."

मी दुपारी तेही दुरुस्त केलं.
आता सावद्यात तारीख बरोबर बाराला बदलते,
बागेत कोणी नसताना.