सुकी की गोड

वर्गणी जमली अकराशे चाळीस.
माणसं चौदा, पंधरावा कॉम्प्रेसर,
ज्याच्या नावानं हे सगळं चाललं होतं:
नारळी पौर्णिमेपासून नाताळापर्यंत
यंदा तो एकदाही बंद पडला नाही.
म्हणून एकतीस तारखेला, बर्फाच्या कारखान्यात,
काहीतरी फसफसणारं उघडायचं ठरलं.
हिशेब मी लिहितो,
तेव्हा बाटलीही मीच आणायची.

मला यातलं कळतं ते एवढंच, की लहानपणी
सगुण माडावरून उतरायचा तेव्हा
त्याच्या मडक्याच्या तोंडाशी फेस यायचा,
आणि आम्ही पोरं नुसत्या वासावरून सांगायचो
सकाळची की दुपारची.

वेंगुर्ल्याच्या बाजारात इनास डान्टसनं
फडक्यानं पुसून चार बाटल्या मांडल्या.
पहिलीची किंमत ऐकून मी खांबाला टेकलो.
तेवढ्यात कॉम्प्रेसरचा पट्टा येतो, वर दोन बेअरिंगं.
दुसरीला सोनेरी कागद, मान उंच,
आत नुसता सफरचंदाचा रस.
उरल्या दोन, दोन्ही नाशिकच्या,
घाट उतरून आलेल्या.
एक आठशे नव्वद. एक पाचशे साठ.

"सुकी व्हयी की गोड?" इनास म्हणाला.
मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे सुका म्हणजे बांगडा,
सुका म्हणजे जवळा, पाण्यात सुकं काय असतं?
"सुकी म्हणजे साखर नाय तेच्यात.
जाणकार लोक तीच नेतत."

मी पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं.
सुकी एक घेतली तर माणशी पन्नास मिली,
खोकल्याच्या औषधाची तीन झाकणं.
गोड दोन येतात, वर वीस रुपये शिल्लक.
सातार्ड्याचा नाका ओलांडला असता
तर तेवढ्यातच तीन आल्या असत्या,
पण परत येताना पिशवी कोण धरणार?
(यासीन घेत नाही. गोटी सोडा आणणार होता.
वर्गणी मात्र सगळ्यात आधी त्यानंच दिली.)

माझं तोंड बघून इनास हळूच म्हणाला,
"थंड खंय करतलास?"
बर्फाचा कारखाना आहे आमचा, इनासबाब.
तो इतका हसला की फडकं खाली पडलं.
"मगे सवाय ती घे.
थंडी सगळा झाकता."

दोन्ही बाटल्या दुपारपासून
सुरमईच्या जागी, भुगा बर्फात गळ्यापर्यंत.
रात्री पावणेबाराला रुक्मांगदनं
तार उलगडली, अंगठा लावला,
बूच सुटलं, पत्र्यावर आपटलं,
कुठे गेलं कुणालाच दिसलं नाही,
आणि त्याच क्षणी लाईट गेली.

नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदाच
तो गप्प झाला.
रुक्मांगद अंधारात ओरडला,
"बंद पडला नाही हां, लाईट गेली!
वहीत तसंच लिही!"
मग कुणी बोललं नाही.
स्टीलच्या पेल्यांतून
बारीक, बारीक, फुटण्याचा आवाज येत होता,
वाळूत कुर्ल्या बिळं उकरतात तसा,
आणि त्याच्या पलीकडे, बंदराच्या भिंतीला,
इतके महिने आम्ही विसरलेलं पाणी.

चव? बर्फाची. थोडी सुरमईची.
शेवटी जराशी द्राक्षं,
नंतर पेला हातात गरम होऊ लागला
तसा साखरेनं तोंड उघडलं.
आम्ही तोवर संपवली होती.
काळोखातच कुणीतरी पेला उचलून
गार लोखंडाला टेकवला,
ठण्ण झालं.
बारा वाजून गेले होते की नव्हते,
कुणालाच माहीत नाही.

वहीत लिहिलं: पेय दोन नग, अकराशे वीस.
शिल्लक वीस.
एक बूच गहाळ.

सहा तारखेला पहाटे समुद्रातून फोन आला,
'रामेश्वरप्रसाद' ट्रॉलरचा तांडेल बाबल्या,
मागे इंजिन धडधडतंय,
"तुमच्या लादीत बूच गावला रे!
प्लास्टिकचा! मधोमध!
होया काय परत?"