चिमूट

सकाळी आठला वनिता कॅम्पातल्या बेकरीत जाते, पॅकिंगला.
मग वारज्याच्या या खोलीत मी, जुईली,
आणि बालवाडीची वेळ होईपर्यंतचे चार तास.
शेलार मॅडम म्हणाल्या होत्या,
"बोटांत जोर नाही अजून. विकतचं काही आणू नका,
घरातलंच द्या हाताला."

घरातलंच.
स्टीलच्या ताटात मूठभर वाटाणे, मूठभर राजमा,
शेजारी बर्फाचा ट्रे,
फ्रीज बिघडल्यापासून रिकामाच होता.
एका खणात एक दाणा.
ती आधी मूठच भरते.
साडेतीन वर्षांच्या माणसाला
सगळं मुठीनंच घ्यायचं असतं.
मूठ आधी येते, मग पसा, मग ओंजळ,
चिमूट सगळ्यांत शेवटी.
हे मी ताटासमोर मांडी घालून शिकलो.

वाळत घालायचे चिमटे: निळे सोपे, लालची स्प्रिंग कडक.
ते ती नानकटाईच्या खोक्याच्या कडेला लावते
आणि म्हणते, साळिंदर झालं.
स्पंज एका वाटीत बुडवायचा, दुसरीत पिळायचा.
अर्धं पाणी फरशीवर. फरशी पुसणं हाही खेळच धरायचा.
माझा कंपनीचा शर्ट खुर्चीला चढवून ठेवलाय, सात बटणं.
काज चुकलं की ती खुर्चीवर ओरडते,
"नीट उभी राहा ना!"
खुर्ची कामावर जात नाही.
मीही.

भोसरीच्या प्रेसबद्दल फारसं बोलत नाही मी.
दुसरी पाळी होती. सेन्सर बंद होता, सगळ्यांना माहीत होतं.
उजवा हात, अंगठ्याशेजारचं बोट, दोन पेरं.
नंतर दवाखान्यात मलाही
वाटाणेच उचलायला लावले होते एका मुलीनं,
पांढरा कोट, हातात घड्याळ.
"मधल्या बोटानं धरा काका, सवय होईल."
झाली.

परवा मॅडमनी फाटकाशी थांबवलं.
"जुईली खडू वेगळाच धरते हो.
अंगठा आणि मधलं बोट.
पहिलं बोट आत दुमडून ठेवते. काही लागलंय का तिला?"

मी म्हटलं, बघतो.

घरी येऊन ताट मांडलं.
तीन आठवडे मी दाणे बघत होतो,
किती पडले, किती खणात गेले.
ती काय बघत होती ते बघितलंच नव्हतं.
बोट दुमडलेलं होतं. व्यवस्थित,
दोन पेरं आत,
राजमा उचलताना जराही न हलता.

"हे बोट का नाही घेत गं?"
"ते घ्यायचं नसतं,"
ती म्हणाली,
मलाच एवढंसुद्धा कळत नाही असं.

दुसऱ्या दिवसापासून मी डावा हात काढला.
त्याला पाचही बोटं आहेत आणि अक्कल मुळीच नाही.
वाटाणा सुटतो, कॉटखाली जातो,
बटण काजाशी पोचून माघारी फिरतं,
लाल चिमटा उडून थेट सिलिंडरवर.
जुईली पोट धरून हसते.
मग गंभीर होऊन समजावते,
"आधी मुठीत घे बाबा. मग हळूहळू."

रविवारी वनितानं तिला स्टुलावर उभं केलं ओट्यापाशी.
आमटीला उकळी येत होती.
"मीठ टाक. चिमूटभर."
जुईलीनं माझ्याकडे बघितलं, मग आईच्या हाताकडे.
अंगठा पुढे आला. मधलं बोट.
आणि जरा वेळानं,
पावसाळ्यात भिंतीवर गोगलगाय निघते तसं,
तिसरं.

पुन्हा आत गेलं. पुन्हा आलं.
तेवढ्यात तीनदा मीठ पडलं.

आमटी खारट झाली होती.
आम्ही पाणी घालून वाढवली, भातावर घेतली.
सोमवारी खडू कसा धरला
ते मी अजून विचारलेलं नाही.