अंडी खाणारा साप

सोंगक्लाच्या धक्क्यावर पहाटे तीनला
लम्याई जाळं निवडते:
कोळंबी इकडे, माकूळ तिकडे,
साप उघड्या हातानं बादलीत.

विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात.
ती एक साप उचलून
कोवळ्या पडवळासारखा माझ्यापुढे धरते.
"हा गरीब. याच्यात काही उरलं नाही."

मी चिमट्यानं जबडा उघडते.
दात तांदळाच्या कणीएवढे,
ग्रंथी बोटाला लागतच नाही.

सापांचा आणि घोरपडींचा
कुणी एकच खापरपणजोबा,
त्याच्या तोंडात साधी लाळ होती.
घास ओला करायची, बस.
मग अंगचंच काहीबाही तिच्यात झिरपत गेलं,
रक्त गोठवणारं, नसा सैल करणारं
(असं आम्ही मानतो. त्यावरून भांडतोही)
आणि कधीतरी
गिळण्याआधीच घास मरू लागला.

कोट्यवधी वर्षं परजलेली ती धार.
आणि याला सापडली माशांची अंडी,
वाळूत चिकटलेली.
पळत नाहीत, झुंजत नाहीत.
मारायचं कुणाला?

लम्याईचा भाऊ, प्रासोंग, दुसऱ्या सापानं नेला.
पट्टे जवळजवळ असेच होते.
कोळंबीची डोकी मोडता मोडता
ती हे सांगते, आणि त्याच आवाजात विचारते,
"किती दिवस लागले याला
सोडायला?"

मी दिवस मोजायला घेते.
जमत नाही.
बादलीत हात घालून तिनं तोवर
त्याला सोडलेलं असतं,
धक्क्याखालच्या काळ्या पाण्यात.